बर्च आधी की ओढा

हेगलीया, सप्टेंबरातला गुरुवार

प्रिय आणि पूज्य आस्लाउगताई,

तुझ्या एकुलत्या आतेभावाचा खोऱ्यातून तुला मानाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे ट्रोम्सोला आता दिवस मिटायला लागले असतील. मला तुमच्या उत्तरेचा अंधार ऐकूनसुद्धा सर्दी होते, तू त्यात खुशाल मोजे विणत बसतेस. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या वहिनीने, बोर्गिलने, तुला नमस्कार सांगितला आहे (खरं म्हणजे ती एवढंच म्हणाली की जाम पोचला का विचारा, नमस्कार माझ्या पदरचा). या वर्षी दलदलीतल्या पिवळ्या बेऱ्या भरपूर आल्या. गोळा करताना मला आपल्या शाळेतल्या कविता आठवत होत्या, त्यामुळे बोर्गिलची बादली भरली आणि माझं मन.

पत्रास कारण की, माझी जुनी बारूद संपली. तुला बंदुकीतलं काही कळत नाही हे ठाऊक आहे, तरी ऐक. काडतूस मी घरीच भरतो. माझ्या वडिलांनी शिकवलं तेव्हापासून एकाच जातीची बारूद वापरत आलो. ती आता बनतच नाही म्हणे. दुकानातल्या पोराने मला हे सांगितलं तेव्हा मी माझा जुना रिकामा डबा त्याच्यापुढे पुन्हा ठेवला. त्या बारुदीला एक वास होता, ताई. शरद ऋतूतल्या सकाळी पहिला बार झाल्यावर तो ओल्या शेवाळाच्या वासात मिसळायचा आणि वडील झाडाला टेकून उभे आहेत असं वाटायचं. पोराने नव्या जातीचा डबा पुढे केला आणि म्हणाला, "आजोबा, ही थंडीत आणि उन्हात सारखीच चालते." मी विचारलं, वास कसा आहे? तो म्हणाला, तसं आजवर कुणी विचारलं नाही.

आता बारूद बदलली की सगळं पहिल्यापासून. किती भरली की गोळ्या एकमेकींना धरून बसतात, ते प्रत्येक रायफल आपलं आपणच सांगते. आणि घाई होती, कारण शनिवारी वार्षिक चाचणी. शंभर मीटरवरच्या पुठ्ठ्याच्या हरणावर पाच गोळ्या, पाचही आखलेल्या जागेत. नाहीतर त्या वर्षी मूसच्या शिकारीला जाता येत नाही. शिवाय आमच्या टोळीचा नवा म्होरक्या हालवार (आपल्या पोस्टमास्तरांचा नातू) याने नियम केला आहे की चाचणीत जो पडेल त्याची जंगलातली बैठक यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि तीही कायमची. माझी बैठक तुला माहीत आहे. दलदलीच्या कडेचा मोठा पाइन, त्याच्या बुंध्याशी वडिलांनी ठेवलेला दगड. पुढचा माणूस कोण? गुल्लिक! तोच, तुझ्या वेणीला चिकट डिंक लावणारा. गेली कित्येक वर्षं तो माझ्या पाइनकडे मांजराने सायीकडे बघावं तसा बघतो आहे.

तेव्हा मी पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली आणि थोडी थोडी वाढवत पाच पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीची पाच काडतुसं. हे काम मी अवजारांच्या खोलीत करतो (स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकदा केलं होतं, त्यानंतर बोर्गिल आठवडाभर पाव झटकून खायची). काटा, नरसाळं, पितळी पुंगळ्यांची रांग, खिडकीतून तिरपं ऊन. एवढं सुख मला चर्चमध्येही मिळत नाही. आता कुठलं काडतूस कुठल्या पायरीचं हे कळायला लोक पुंगळीवर आकडे लिहितात. मला ते रुक्ष वाटतं. माझ्या डोक्यात त्या वेळी आपली ती कविता चालू होती, उन्हाळी कुरणावर जाणाऱ्या मुलाची. फाटक, बर्चचं झाड, ओढा, दलदल, झोपडी. पाच ठिकाणं, पाच पायऱ्या! मी कविता म्हणत गेलो आणि पुंगळ्यांच्या बुडावर बारीक चित्रं काढत गेलो. पहिल्या पायरीला फाटक, शेवटच्या पायरीला झोपडी, मधे बाकीची. आकडे विसरतील, कविता कशी विसरेल? (मधली क्रमवारी मी वर कशी लिहिली आहे तिकडे लक्ष देऊ नकोस. तोच तर सगळा घोळ आहे.)

काल बुधवारी मैदानावर गेलो. वारा नव्हता. फाटकाच्या गोळ्या इकडे तिकडे, जत्रेत चुकल्यासारख्या. झोपडीच्या जरा बऱ्या. आणि बर्च! ताई, बर्चच्या पाचही गोळ्या अशा एका जागी गेल्या की वर कॉफीच्या कपाची बशी नव्हे, बटण ठेवलं तरी झाकाव्यात. हालवार दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला, "काका, कमाल केलीत! किती भरली होती?" मी छाती काढून म्हणालो, "हे बघ, कवितेत बर्च दुसरा." आणि म्हणायला लागलो: "फाटक लोटून निघालो मी, पाठीवर माझी झोळी…"

तेवढ्यात मागून गुल्लिक म्हणाला, "दुसरा कसला? दुसरा ओढा. बर्च तिसरा."

"बर्च दुसरा," मी म्हणालो.

"अरे एम्ब्रिक, ओढा ओलांडल्याशिवाय बर्चपाशी पोचशील कसा? उडून?"

"आमच्या वाटेवर बर्च ओढ्याच्या अलीकडेच आहे!"

"तुमच्या वाटेवर असेल. कवितेची वाट आमच्या बाजूने जाते."

मग जे झालं ते तुझ्यासारख्या शांत बाईला सांगायला लाज वाटते. साठीच्या पुढचे जेवढे म्हणून मैदानावर होते ते सगळे गोळा झाले. खोऱ्याच्या उन्हाकडच्या बाजूचे सगळे म्हणत होते बर्च आधी, सावलीकडच्या बाजूचे म्हणत होते ओढा आधी. म्हणजे बघ, एकच बाई, एकच वर्ग, एकच पुस्तक, आणि प्रत्येकाने आपापल्या घरून कुरणाकडे जाताना जसं लागतं तसं पाठ केलेलं! वाफल भाजणारी टोरबोर साचा तसाच सोडून आली आणि टोपी काढून (तिने टोपी का काढली कोण जाणे) म्हणायला लागली, "पांढऱ्या बर्चा, पांढऱ्या बर्चा, सावली दे रे थोडी…" आणि मधेच अडकून रडायला लागली, कारण तिला तिची आई आठवली. वाफल जळले. हालवारने लाल झेंडा लावून गोळीबार थांबवला. बिचारा एकटाच चाळिशीतला, सारखा एकच विचारत होता, "पण काका, पुंगळ्यांवर आकडे का नाही टाकलेत?" आजकालच्या शाळेत पाठांतर नाही, त्याला काय कळणार.

आणि ताई, खरं संकट पुढेच आहे. गुल्लिकची कविता एकदा कानात गेल्यापासून मला माझी ऐकूच येईना. रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, दोन्ही म्हणून पाहिल्या. दोन्ही बरोबर वाटतात! काडतुसं भरताना मी कुठली म्हणत होतो? बर्च दुसरी पायरी की तिसरी? बर्चची पाचही उडवून बसलो, ओढ्याचीही. एकसुद्धा उरलं नाही की फोडून वजन करावं. बारुदीत अंदाजपंचे चालत नाही, ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं आहे. मैदान आता एकदम शनिवारी चाचणीलाच उघडणार. विकतची काडतुसं आणावीत असं बोर्गिल म्हणते, पण वडिलांच्या दगडावर बसून विकतची गोळी उडवायची म्हणजे ख्रिसमसला शेजाऱ्याकडून मटण आणण्यासारखं आहे.

असो. तुझी प्रकृती जप, बर्फावरून चालताना काठी घेत जा, आणि या म्हाताऱ्या भावाला आठवणीत ठेव.

तुझा,
एम्ब्रिक

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. तू माझ्या पुढच्या बाकावर बसायचीस आणि मी कविता म्हणायला उभा राहिलो की चुकेन तिथे मान वळवून डोळे वटारायचीस. तेव्हा कृपा करून आठवून कळव, मी कशी म्हणायचो? बरोबर कविता मला नको आहे, ताई, ती छापलेली कुठेही मिळेल. मला माझी चुकलेली हवी आहे. ती फक्त तुझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा – बोर्गिलने पत्र वाचलं. म्हणते, हे ट्रोम्सोला पोचेपर्यंत चाचणी होऊन मूसच्या मटणाचा रस्सासुद्धा होईल, फोन का करत नाही? मी तिला सांगितलं की फोनवर आस्लाउगताई विचार न करता बरोबर कविता म्हणून मोकळी होईल. चुकलेली आठवायला माणसाला कागद लागतो आणि थोडी कॉफी.

ता. क. तिसरा, शनिवार – पत्र बोर्गिलच्या पिशवीतच राहिलं, म्हणून हेही घालतो. आज सकाळी चाचणीला जायला निघालो तर दारात गुल्लिक. हातात त्याची स्वतः भरलेली काडतुसं, पुठ्ठ्याच्या डब्यात. आमच्या दोघांच्या रायफली एकाच मापाच्या. म्हणाला, "घे. चाचणीच्या आधी दोन उडवून रायफलीची दुर्बीण जुळवून घे." मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणतो, "तुझी बैठक मला हवीच आहे. पण तू आज पडलास तर उन्हाकडचे लोक म्हणतील, गुल्लिकने कवितेत ओढा घुसवून पाइन लाटला. तू मर, मग घेईन."

पाचही बसल्या, ताई. शेवटची रेषेला चाटून, पण आत. हालवारने शिक्का मारला. दगड माझाच राहिला. त्याच्या बारुदीचा वास काही खास नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या नाकात केस वाढलेत.

आता उत्तराची घाई नाही, पण उत्तर हवंच, कारण वाद मिटलेला नाही आणि हिवाळा लांब आहे. फक्त एक विनंती. मी लहानपणी बर्च आधी म्हणत असेन तर पाकिटावर चांगलं मोठं तिकीट लाव. आणि ओढा आधी म्हणत असेन, तर खरं तेच लिही, पाकीट नीट चिकटव, आणि तिकीट न लावता पेटीत टाक.