फायरमनचं ताट

भाजे,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अल्लाउद्दीन,

गेणूचा रामराम आणि सलाम, दोन्ही घे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणतोस, म्हणून म्हटलं लिहावंच. गुडघे कसे आहेत? परवीन पथ्य पाळायला लावते की लेकीलाही गुंडाळतोस?

इकडे सगळं ठीक. सुट्टीच्या दिवशी लेण्यांकडे जाणाऱ्या मोटारींनी गाव नुसतं तुंबतं. आमच्या सूनबाईनं, सवितानं, दारातच पिठलं-भाकरी विकायला सुरुवात केलीय. तुझी वहिनी बरी आहे.

गेल्या महिन्यात तिला डोळे तपासायला लोणावळ्याला नेलं होतं. तिथं एका हॉटेलवाल्यानं दारात पत्र्याचं इंजिन उभं केलंय. थेट आपली कोळशावरची डब्ल्यूपी! पुढं तेच टोकदार नाक, नाकावर चांदणी. आत लोक बसून पावभाजी खातात. मला हसू आलं. ही मात्र रस्त्यातच थांबली, पदर सारखा केला अन् म्हणाली, "गाडी आली. पाणी तापवाया पायजे."

बरी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही रे. वर्षभर ती विसरत चाललीय. आधी नातवंडांची नावं गेली, मग हे गाव. त्या दिवसापासून तर ती मनानं दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्येच राहते, आणि मी तिला ओळखू येत नाही. धुतलेल्या सदऱ्यातला हा म्हातारा कोण, आणि घरी का जात नाही, हे तिला कळत नाही. "मालक ड्यूटीवर हायेत, सांजच्याला या," असं मला सांगते. आदबीनं सांगते, तेच जास्त लागतं.

रोज दारात गरम पाण्याची बादली आणि खोबरेलाची वाटी ठेवून बसते. मी इंजिनाचा ड्रायव्हर, तू भट्टीत कोळसा टाकणारा नवाकोरा फायरमन, दोघं काळेठिक्कर होऊन यायचो. कोळसा धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. आता ती वाट बघते, कोणी येत नाही, म्हणून जेवतही नाही. सविता लहान पोराला भरवावं तसे दोन घास भरवते. हाडं दिसायला लागलीत.

परवा मी डोकं लढवलं. चुलीतला कोळसा तोंडाला फासला, जुना निळा डगला घातला आणि मागच्या वाटेनं फिरून दारात उभा राहिलो. आमचा पोरगा निलेश म्हणाला, "आबा, ह्ये काय सोंग काढलंय?" त्याला म्हटलं, गप बस.

तिनं पाहिलं, आणि अल्लाउद्दीन, ती हसली! बादली पुढं सरकवली. मग माझ्या मागं वाकून बघितलं. "अल्लाउद्दीन कुटंय?"

येतोय मागनं, म्हटलं. आत दोन ताटं वाढलेली होती. बराच वेळ ती दाराकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. ताटं उचलली आणि म्हणाली, "तुमी आमचे मालक न्हाई. आमचे मालक त्या पोराला उपाशी ठिवून कदी जेवाया बसत न्हाईत."

मला रडू आलं. पण खरं सांगू? अभिमानही वाटला. नवऱ्याचं तोंड विसरली, पण घरापासून लांब आलेल्या पोराला आधी वाढायचं, ही स्वतःची रीत नाही विसरली.

तेव्हा तू ये. माळवली स्टेशनवर निलेश रिक्षा घेऊन उभा राहील, गुडघ्यांचा बहाणा चालणार नाही. कोळसा मी काढून ठेवतो. तुझ्या पांढऱ्या दाढीला तो जरा जास्तच लागेल, परवीनला आधी सांगून ठेव, नाहीतर ती माझ्यावर धावून यायची. दोघं बरोबर दारात उभे राहू. ओळखलं तर ती जेवेल. नाही ओळखलं तर मग माझ्याकडं दुसरा उपाय नाही.

तुझा,
आणि तू आलास तर तिचाही,
गेणू