मेणाची सुतळी

बाबा,

परवा खोपटच्या डेपोपाशी आमची बस बराच वेळ अडकली होती. पुढे एक ट्रक मागे जीप बांधून वळण घेत होता. जीपमध्ये कुणी नव्हतं, तिचं स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. शेजारची बाई उशीर होतोय म्हणून कुरकुरत होती आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून त्या जीपच्या आत बघत होते, लहान दांडा दिसतो का, त्याला काही बांधलंय का. दिसलं नाही. घरी येऊन भात लावला, मुलीची वही तपासली, सगळं रोजच्यासारखं केलं. पण तेव्हापासून दोन दिवस माझं कशात लक्ष नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तुम्ही असताना जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

तेव्हा आपण ओढून नेली त्या जीपला तुमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सगळे ‘लढाईवाली’ म्हणत. कल्याणच्या छावणीतून लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या विकल्या जात, त्यातली ती एक. इंजिन जाम, पण गिअरबॉक्स अगदी निरोगी. देवळालीजवळच्या एका डॉक्टरांनी ती घेतली होती. त्यांना आडवाटेच्या पाड्यांवर जायला गाडी हवी होती, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या मोडक्या जीपचं चांगलं इंजिन पडून होतं. इकडचा गिअरबॉक्स, तिकडचं इंजिन, आणि पावसाळ्याच्या आत गाडी उभी करायची. तुम्ही त्यांना शब्द दिला होता की गिअरबॉक्स आज जसा आहे तसा पोचेल.

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत मला आत्याकडे नाशिकला सोडायचं होतं, म्हणून मी बरोबर. तेरा वर्षांची होते. तुम्ही एक दिवस आधी, संध्याकाळी, मला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून सगळं समजावलंत. तुम्हाला शिकवायला आवडे आणि शिकवायला घरात मी एकटीच उरले होते. तुम्ही म्हणालात, गाडी स्वतःच्या जोरावर चालते तेव्हा पेटीतली, म्हणजे गिअरबॉक्समधली, खालची चक्रं तेल वर उडवत असतात. ओढून नेताना चाकं पेटीला उलटं फिरवतात, वरची चक्रं फिरतात आणि खालची झोपलेली राहतात. तेल वर येत नाही. दहा-वीस मैल ती सोसतात, पुढे जळतात. म्हणून लांबच्या वाटेला मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच काढून ठेवायचा. ते जमलं नाही तर गिअरच्या दांड्याशेजारचा हा लहान दांडा न्यूट्रलला आणायचा, म्हणजे चाकांचा आणि पेटीचा संबंध तुटतो, आणि दांडा सीटच्या पायाला बांधून टाकायचा, खड्ड्यात उडून परत अडकू नये म्हणून. “बांधलेल्या दांड्याला देवाने पण हात लावायचा नाही,” तुम्ही म्हणालात आणि हसलात. सुतळीला तुम्ही स्वतः मेण चोळत असा. ती पिवळट, जरा चिकट सुतळी शेडमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसे.

शाफ्ट काढायचं जमलं नाही. खाडीच्या हवेने नट गंजून एकजीव झाले होते. तुम्ही सकाळी तासभर खाली पडून झगडलात, रॉकेल ओतलंत, पान्याला पाइप लावून जोर केलात. नट तुटले तर नवे मिळायचे नाहीत, आणि शेडचे मालक घड्याळ बघत उभे. शेवटी तुम्ही बाहेर आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, राहू दे, दांडा बांधून नेऊ, दर दहा मैलांना बघू. ते म्हणताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकांतून खडी उडते, म्हणून जीपचा रेडिएटर आणि काच झाकायला काहीतरी जाड हवं होतं. तुम्ही घरी येऊन ट्रंकेतून आईची गोधडी काढलीत. मी नको म्हटलं. तिच्या दोन लुगड्यांची होती ती, एक अंजिरी आणि एक हिरवं, टाके तिच्याच हातचे. तुम्ही म्हणालात, घरात एवढं जाड दुसरं काही नाही. मी पुन्हा नको म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात, आईनंतर पहिल्यांदाच. त्या रागातच मी ट्रकमध्ये चढले.

ट्रक चालवायला काका होते. माझे सख्खे काका नव्हेत, पण मी त्यांना दुसरं काही म्हटलेलं आठवत नाही. कोपरीचे, खाडीवरच्या मासेमारी करणाऱ्या घरातले. बाप-भाऊ होडीवर आणि हे एकटेच चाकावर, त्याबद्दल घरच्यांकडून त्यांना सारखं ऐकून घ्यावं लागे. ट्रक हीच आपली होडी, असं ते म्हणत. मला दोघांच्या मध्ये बसवून ते वाटभर विचारत राहिले, काय गो पोरी, तोंड का पाडलंस, आत्या जेवायला घालत नाय काय. तुम्ही दर दहा मैलांवर ट्रक थांबवत होतात. उतरून चारी चाकांच्या मध्यावर तळहाताची मागची बाजू टेकवायची, मग पेटीला, मग दांड्याची गाठ. भिवंडीला सगळं गार. पडघ्याला गार. दर वेळी परत चढताना तुमचा चेहरा थोडा सैल होत होता.

शहापूरला चहाला थांबलो. तुम्ही तपासणी उरकून टपरीत शिरलात, काकाही तुमच्या मागून. मी उतरून मागे गेले. गोधडीचा वरचा कोपरा सुटला होता. तिची दोरी झिजून तुटली होती आणि वाऱ्याने तो कोपरा काचेच्या लोखंडी चौकटीवर आपटून फाटत चालला होता. हिरव्या लुगड्याचा काठ लोंबत होता. मी आजूबाजूला दोरी शोधली. टपरीत येऊन तुम्हाला सांगता आलं असतं. तिथून तुमची पाठ दिसत होती. पण माझ्या मनात सकाळचं होतं. तुम्हाला तुमच्या पेटीची काळजी, आईच्या वस्तूची नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. जीपमध्ये चढले, सीटच्या पायाची गाठ दातांनी सोडवली आणि त्या सुतळीने गोधडीचा कोपरा घट्ट बांधला. दांडा होता तिथेच होता. जरासुद्धा हलला नाही. म्हणजे बांधायची गरजच नाही, असं मला वाटलं.

मग काका चहाचा ग्लास घेऊन आले आणि उन्हातून जीपच्या टपाखाली, पुढच्या सीटवर बसले. मी तेव्हा ट्रकमध्ये परत गेले होते, आरशातून मला त्यांचा गुडघा दिसत होता. तुम्हीही टपरीच्या दारातून त्यांना बसलेलं पाहिलंत. ग्लास रिकामा करून ते आले, तुम्ही आलात, आणि गाडी निघाली. तपासणी चहाआधीच झाली होती.

खर्डीच्या पुढे चढ लागला. खड्डे असे की माझं डोकं दोनदा टपाला लागलं. मी मनात मैल मोजत होते. तुम्ही अजून थांबा म्हणत नव्हतात, घाटाच्या तोंडाशी थांबू म्हणालात. मला सांगावंसं वाटत होतं. तोंड उघडलं की सकाळचं ओरडणं आठवे. अजून एक वळण झालं की सांगते, असं करत मी चार वळणं घालवली. मग वास आला. तव्यावर तेल जळतं तसा, पण कडू. तुम्ही काकांच्या दंडावर हात मारलात. ट्रक चढावर थांबला, काकांनी उडी टाकून चाकांखाली दगड सरकवले, तुम्ही जीपखाली गेलात आणि पेटीवर थुंकलात. थुंकी चर्र झाल्याचा आवाज मला ट्रकमध्ये ऐकू आला.

“सुतळी कुणी सोडली?” दांडा परत अडकलेला बघून तुम्ही विचारलंत. आवाज चढला नव्हता.

काका म्हणाले, “मला काय म्हाईत. मी नाय हात लावला.”

“शहापूरला आत कोण बसलं होतं?”

“बसलो होतो. च्या प्यायला बसलो. बसायला पन बंदी हाय काय?”

मी ट्रकच्या पायरीवर उभी होते, तुमच्यापासून चार हातांवर. सुतळी तुमच्या डोळ्यांसमोर होती, गोधडीच्या कोपऱ्यावर, पिवळी. कुणीही वर बघितलं नाही. मग दोघे कामाला लागलात. सकाळी जे नट वाचवले होते ते तुम्ही छिन्नीने तोडलेत. काका खाली पडून शाफ्ट धरून होते. तापलेल्या पेटीने त्यांना कोपराजवळ भाजलं, तरी त्यांनी शाफ्ट सोडला नाही, हातावर पडेल म्हणून नव्हे, तर तुमच्या तोंडावर पडेल म्हणून. शाफ्ट निघाला. पुढचा सगळा रस्ता जीप हलकी चालली.

डॉक्टरांच्या आवारात तुम्ही पेटी उघडलीत. बेअरिंग निळं पडलं होतं, चक्रांचे दात करपले होते. डॉक्टर चांगले होते, चिडले नाहीत, फक्त पाऊस तोंडावर आल्याचं म्हणाले. तुम्ही त्यांना सांगितलंत, ड्रायव्हरचा पाय लागला असावा. काका ऐकत होते. आणि नंतर, बाबा, तुम्ही गोधडी सोडवायला गेलात. मी पडवीतून बघत होते. तीन कोपरे पटापट सोडलेत. चौथ्याला तुमचा हात थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. मग तुम्ही गाठ सोडलीत, सुतळी बोटांवर गुंडाळलीत, खिशात टाकलीत आणि गोधडीची घडी माझ्या हातात आणून दिलीत. “फाटलीय थोडी,” एवढंच म्हणालात.

तुम्हाला कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा सरळ वाक्यात लिहिते आहे. नाहीतर इतकी वर्षं मी म्हणत आले की कदाचित कळलं असेल. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, आणि डॉक्टरांपाशी बोललेला शब्दही मागे घेतला नाहीत. त्या पावसाळ्यात शेडच्या मालकांनी काकांकडून ट्रक काढून घेतला. तुम्ही मध्ये पडलात का, मला माहीत नाही. ते भावाच्या होडीवर गेले. पुढे एकदा तुम्ही जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणालात की शाफ्ट सकाळीच काढायला हवा होता, चूक माझी. मला तेव्हा हायसं वाटलं. आता वाटतं, ती अर्धी कबुली होती, आणि उरलेली अर्धी माझ्याकडून यावी म्हणून तुम्ही थांबला होतात. किंवा तसं काही नसेल. आई नसलेल्या मुलीला कसं विचारावं हे तुम्हाला सुचलं नसेल.

त्या दिवाळीत तुम्ही मला फराळाचं ताट देऊन कोपरीला पाठवलंत. काका ओट्यावर जाळं शिवत बसले होते. भाजलेल्या जागची कातडी गुलाबी, गुळगुळीत झाली होती. काकींनी ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात मूठभर साखर टाकली. मी निघाले तशी काका खाली बघूनच म्हणाले, “बाबांना सांग गो, मी हात नव्हता लावला. बाकी कायपन मनात धरलं नाय.” मी मान हलवली. घरी येऊन ताट मोरीत ठेवलं आणि तुम्हाला सांगितलं की काकींनी साखर दिलीय. निरोप दिला नाही. तो आज देते आहे, बत्तीस वर्षं उशिरा. त्यांनी हात लावला नव्हता, बाबा.

हे लिहून झालं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पण खरं काय ते सांगून टाकते. काका आहेत अजून. गेल्या महिन्यात कोपरीच्या बाजारात दिसले, नातवाच्या खांद्याला धरून चालत होते, आणि मी कोथिंबीर न घेताच पलीकडच्या गल्लीत वळले. त्यांचं घर मला माहीत आहे, ओटासुद्धा तोच आहे. हे पत्र तुम्हाला लिहिलं, कारण ते तुम्हाला पोचणार नाही.