सी घेण्याची चिठ्ठी

तुळजापूर, ९ तीर १३५४ फसली (तुमच्याकडचा इंग्रजी मे १९४५)

तीर्थरूप महांतप्पामामांस,

शांतलिंगचा शरणार्थ. तुमचा दमा अन् मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. इकडं सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पत्र वाचून झाल्यावर तेवढं खोडून टाका.

गेल्या महिन्यात तुमच्या सोलापुरात तुमच्याच ओळखीनं सी व्हिटामिनच्या गोळ्यांची बाटली घेतली, ती किराणावाल्या गुंडप्पांसाठी होती. (शिवगंगाचे वडील. होय, तीच, जिच्यापायी हैदराबादचं कॉलेज इंटरला सोडलं. कपाळाला हात लावू नका.) मी मागणी घालायला गेलो तर म्हणाले, “अर्धवट शिकलेल्याला पोरगी देऊ? त्यापेक्षा हिरीत ढकलीन!” माझं डोकंच फिरलं. त्यांना चार वर्षांचा मधुमेह, रोज सोलापूरहून आणलेल्या इन्सुलिनची सुई. म्हटलं, तुमची साखर उतरवून दाखवतो, मग बोला. (सी व्हिटामिननं साखर उतरते, असं एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. त्याचं पुढचं पान फाटलेलं होतं.)

येताना तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर, निजामाच्या जकातीपाशी, जवानानं बाटली धरली. मी त्याला कायदा शिकवू लागलो. त्यानं मला दोन तास उन्हात बसवलं, एक गोळी चाटली अन् “ये तो खट्टा है” म्हणत सोडून दिलं.

गुंडप्पांच्या घरात पाय ठेवायची मला बंदी, म्हणून बाटली अन् चिठ्ठी शिवगंगाच्या हाती दिली. (बोटांना बोटं लागली. तीन दिवस तो हात म्या धुतला न्हाय.) चिठ्ठीत लिहिलं होतं, रोज दोनदा सी घ्यावी. गोळी हा शब्द लिहायचा राहिला. तिनं ती आईला वाचून दाखवली. लक्ष्मम्मांचं माहेर आळंदकडचं, बोली कानडी, अन् कानडीत सी म्हणजे गोड!

“सी? रोज?”

“व्हय अव्वा, दोनदा.”

चार वर्षं नवऱ्याच्या ताटात गुळाचा खडा वाढता आला नव्हता त्या बाईला. डोळे पुसत तिनं गव्हाची हुग्गी (आपली खीर) चढवली, गूळ सैल हातानं घातला. बाटली देवापुढं ठेवून तिला रोज विभूती लावली.

गुंडप्पा आठ दिवस मला दुवा देत होते. मग तहान वाढली, पायाची जुनी जखम काळी पडली, अन् परवा दुकानातच कोसळले. तोंडाला नासक्या फळासारखा वास येतो. मी बंदी मोडून आत शिरलो तर लक्ष्मम्मा त्यांना चमच्यानं हुग्गी भरवत होत्या. मी वाटी हिसकून अंगणात भिरकावली, नाही ते बोललो. त्या एवढंच म्हणाल्या, “बाबा, तूच लिवलंस की.”

तुमचा,
शांतलिंग

ता. क. लग्नाचं तूर्त कुणापाशी काढू नका.

ता. क. दुसरा. हे पत्र मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर धाडतोय. इन्सुलिन अन् डॉक्टर, दोन्ही आजच्या आज पाठवा. मिळेल ती मोटार करा. इथं इन्सुलिन कुठंच न्हाय, अन् गुंडप्पा सकाळपासून शिवगंगाला ओळखत न्हाईत. नाक्यावर मी उभा असेन. हात जोडून उभा असेन.

ता. क. तिसरा. वर सगळं लक्ष्मम्मांवर ढकललं. चिठ्ठीत ओळी दोन होत्या. पहिली होती, सुई बंद करावी. ती सगळ्यांना बरोबर समजली.