एकट्या बायकांचं आवार

दादा, जुन्नरचं घर घेताना तुम्ही प्रत्येक भिंतीवर बोटं वाजवून पाहिली होती. घरमालक ओट्यावर उभा राहून हसत होता, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. यंदा लेकाने मला त्याच्याकडे नेलं, नेदरलँड्समधल्या एका जुन्या शहरात, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कालव्याकाठच्या एका विटांच्या भिंतीवर तशीच बोटं वाजवली. तिथली घरं पुढे झुकलेली आहेत. खाली नुसता चिखल आहे, लेक सांगत होता, त्यात लाकडाचे खांब ठोकलेत आणि त्यांच्यावर अख्खं शहर शेकडो वर्षं उभं आहे. लाकूड पाण्यात बुडालेलं आहे तोवर कुजत नाही म्हणे. मी मान डोलावली. विश्वास बसला नाही. आपल्या लेण्याद्रीला डोंगरच आतून कोरून काढलाय, त्यात झुकायला काही ठेवलेलं नाही.

पण संशय भिंतीचा नव्हता. तीन महिने ये, शहर बघ, असं लेक फोनवर म्हणाला तेव्हाच संशय आला होता, आणि तो तुमच्यामुळे. आजीला, तुमच्या आईला, डोंगरावरच्या आहुप्याहून खाली जुन्नरला आणताना तुम्ही पंधरा दिवस म्हणाला होतात. मोतीबिंदू काढायचा आणि परत. मी शाळेत जाणारी पोर, एसटीत तिच्या शेजारी बसले आहे. तिच्या मांडीवर वाळलेला भोपळा, तोंड शेणाने लिंपलेलं, आत नाचणीचं बियाणं. तुम्ही पुढच्या सीटवरून वळून हसता.

‘आये, पंधरा दिसांत कुठं पेरायचंय तुला?’

ती खिडकीबाहेर बघत राहते. ‘तू पंधरा दिस म्हनतुस. म्हनून तर आनलंय.’

ती परत गेली नाही. भोपळा स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला राहिला, तिच्यानंतरही, तुमच्यानंतरही. वरचं घर कधी उघडायचं असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही ताटातली भाकरी मोडत मला माझ्या परीक्षेचं विचारलंत.

निघताना किल्ली शेजारणीकडे दिली. तुमच्या वेळी ती इथे नव्हती, नंतर लग्न होऊन राजुरीहून आलेली आहे. ती म्हणाली, ‘काकू, खरं सांगा, येनार हाय का तुमी परत? न्हाईतर तुमची जास्वंद मी आमच्या दारी लावते.’ तीन महिन्यांनी येते म्हटलं. ‘तिकडनं कोन येतंय वो,’ असं म्हणून तिने किल्ली कमरेला खोचली.

त्यामुळे तिथे लेक जे जे दाखवी त्यामागे काय आहे, ते मी शोधत राहिले. घरांच्या शेंड्याला लोखंडी आकडे आहेत. जिने इतके अरुंद की कपाट, पलंग सगळं दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. मी विचारलं, आणि माणूस आजारी पडलं तर? तो हसला. इतकं हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही. शहराबाहेर रान आहे, तिथे तो मला दर रविवारी नेई. झाडं उंच, पण सरळ रांगेत. हे सगळं माणसांनी लावलेलं आहे, असं त्याने कौतुकाने सांगितलं. आहुप्याच्या देवराईत मी एकदा वाळकी काटकी उचलली होती तर आजीने हातावर चापट मारली होती, ठिव खाली, आपलं न्हाई ते. इथे तोडलेल्या ओंडक्यांची वाटेकडेला नीट चळत होती आणि दर वळणावर बाक होता. इतके बाक कुणासाठी, हाही प्रश्न मला पडला. तो म्हणे, बस ना आई, दमली असशील. मी उभी राही.

मग एक दिवस त्याने एका गल्लीत लहानसं दार ढकललं. आत आवार. मधे बाग, पाण्याचा पंप, चारी बाजूंनी एका खोलीची जुनी विटांची घरं, खिडक्यांना पांढरे पडदे. जुन्या काळी कुणा श्रीमंताने एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी हे बांधलं, असं तो हलक्या आवाजात सांगत होता. अजूनही इथे एकट्या बायकाच राहतात. एका दारात रबरी बूट उलटे वाळत घातले होते. एक बाई गुलाब छाटत होती, तिने माझ्या साडीकडे पाहून मान लववली. मला वाटलं, हिला माहीत आहे. सगळं ठरलेलं आहे आणि मलाच शेवटी दाखवायला आणलंय. मी खिडक्या पाहिल्या. एका खिडकीला पडदा नव्हता.

‘कुठली खोली रिकामी आहे, ते विचारून ठेवलंस का?’ मी म्हणाले.

‘कशाला?’ तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना तुमची नजर ताटाकडे जायची. त्याची कुठेच गेली नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. जुनी इमारत आहे, आईला आवडेल, एवढंच. परतीचं तिकीट त्याने जातानाच्या तिकिटाबरोबर काढलेलं होतं. ठरल्या दिवशी त्याने मला विमानतळावर सोडलं, गोळ्या वेळेवर घे म्हणाला, आणि काचेपलीकडून हात हलवत राहिला.

तुम्ही आजीला फसवून ठेवून घेतलंत, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. आता तेवढ्या खात्रीने धरता येत नाही. तुमच्यावरचा संशय गेलेला नाही, पण तो नेमका कशाचा होता तेच सांगता येत नाही.

जास्वंद अजून माझ्याच दारी आहे. शेजारीण किल्ली द्यायला आली तेव्हा, लेकानं ऱ्हायचा लई आग्रह केला असंल ना काकू, म्हणाली. मी हो म्हटलं. तुम्हाला लिहिलेले हे कागद आता पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवते. त्याने एकदाही राहा म्हटलं नाही, दादा. आणि जाताना मी खुंटीवरचा भोपळा उतरवून बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवला होता. तीन महिने म्हणाला होता तो. म्हणून तर नेला.