टोळ्या येईस्तोवर

प्रिय वहिनी,

बोट बुडवून पाहिलं, अजून चटका बसतो. तुम्ही करंगळी बुडवायचात आणि मनातल्या मनात काहीतरी मोजायचात. किती मोजायचं असतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दूध बीडचं, पिशवीतलं. गॅसवरून उतरवून कट्ट्यावर ठेवलंय. शेजारी तुमचा स्टीलचा डबा. डब्याच्या तळाशी तुमचं दही, बर्फातून आत्ता कुठे मोकळं झालेलं.

दूध कोमट होईपर्यंत हाताला दुसरं काम नाही. म्हणून लिहायला बसलो.

दुपारी दादाचा फोन आला. दादा स्वतःहून फोन करत नाही, तुम्हाला माहीत आहे. नंबर तुम्ही लावून द्यायचात आणि त्याच्या कानाला धरायचात. आज त्यानं स्वतः लावला.

"सुमन आलती," तो म्हणाला.

"कारखान्याहून कधी आली?"

"काल. समदी आळी आली. कुलपं निघाली." मग, "वाटी घेऊन आलती."

मी खुर्चीवर बसलो.

आपल्या आळीतली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. तिथं दही कोण लावणार? पाडव्याच्या पुढंमागं टोळ्या परतल्या की बायका आधी घर झाडतात आणि मग वाटी घेऊन तुमच्याकडे येतात. मला आठवतंय तेव्हापासून हे असंच आहे. आळीचं विरजण तुमच्या घरी राहायचं. तुमची अट एकच, दिवसाउजेडी यायचं. दिवे लागल्यावर तुम्ही विरजण घराबाहेर दिलं नाहीत. एकदा सुमनच उशिरा आली तर तिला म्हणालात, "वाटी ठिव अन् जा. तुझी वाटी काय पळून जाती का?"

"मग काय सांगितलंस तिला?" मी दादाला विचारलं.

"काय सांगू? घरात न्हाई की. तिला म्हनलं, तुझी वैनी गेली, तिच्यामागं दही बी गेलं. ती रडली. पर वाटी न्हेईना. ओट्यावर ठिवून गेली."

सुतकात चूल बंद होती. लोकांनी आणलेल्या पिठलं-भाकरीवर घर चाललं. तुमच्या दह्याच्या गाडग्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तेराव्याच्या आधी कुणीतरी ते घासलं आणि उन्हात पालथं घातलं. कुणी, ते मी विचारलं नाही. कुणीही असेल. घरात एवढी माणसं होती आणि सगळ्यांना काहीतरी काम हवं होतं.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"काय?"

"वहिनींचं दही. थोडंसं. फ्रीजरमध्ये."

दादा म्हणाला, "दही बर्फात ठिवलंस? कावून बे?"

कावून! का ठेवलं, वहिनी?

तुम्हाला सांगतो. शेवटच्या रविवारी मी घाटनांदूरला आलो, तेव्हा तुम्हाला खाटेवरून उठवत नव्हतं. तरी निघताना दादाला डबा भरायला लावलात. त्यानं निम्मं बाहेर सांडलं. तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "एवढी शेती केली, अन् पळी धरता येईना." दादा हसला नाही. मी हसलो. डबा मांडीवर घेऊन अंबाजोगाईला गाडी बदलली आणि बीडला आलो. गुरुवारी तुम्ही गेलात.

दिवस उरकून परत आलो तर डबा फ्रीजमध्ये तसाच होता, तळाशी थोडं दही राहिलेलं. तुमची जाऊ संजीवनी तो घासायला घेत होती. मी तिच्या हातातून घेतला. खाल्लं असतं तर संपलं असतं. तसंच ठेवलं असतं तर नासलं असतं. म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलं, वाटाण्याच्या पिशवीमागं. अधूनमधून झाकण काढून बघायचो. पांढरं, कडक, जसंच्या तसं. त्यात काही बदलत नव्हतं. मला तेवढं पुरत होतं.

त्या रविवारी आपण काय बोललो, आठवतं का? मी खाटेपाशी बसून मोबाइलवर काहीबाही वाचत होतो.

"वहिनी, इथं लिहिलंय, पुढे माणूस मरणारच नाही म्हणे. औषध निघेल."

"कवा निघंल?"

"शंभर-दोनशे वर्षांनी."

"मंग मला आत्ता कावून सांगायलात?"

तुम्ही हसलात, खोकलात, आणि पाणी पिऊन पुन्हा त्याच विषयावर आलात. तुम्हाला विषय अर्धा सोडवत नसे.

"भावजी, म्हंजे आपली म्हातारी बी राहिली असती?"

म्हातारी म्हणजे माझी आजी, तुमची आजेसासू. तिच्यासमोर तुम्ही वीस वर्षं खाली बघून बोललात.

"राहिली असती."

"अन् तिची सासू?"

"तीही."

"अगं बया! अन् मी त्या समद्यांच्या म्होरं डोक्यावर पदर घेऊन उभी? कवर?"

"कायमची."

"न्हाई बाबा. मी आत्ता कुटं ओट्यावर बसाया लागले." मग दादाकडे मान करून म्हणालात, "अन् ह्यांच्या हातात कारभार कवा आला असता? पणजोबाचा पणजोबा बसला असता की दारात तंबाखू मळत. ह्यांनी निस्ता चुना द्यायचा."

दादा म्हणाला, "आता बी तेच करायलो."

"अन् एवढ्या मान्सांला दही?" तुम्हाला खरी काळजी त्याची लागली. "चाटून पुसून खाल्लं असतं. लावायला थेंब ठिवला नसता कुणी."

मी विचारलं, "मग तुम्हाला किती जगायचंय?"

तुम्ही वर पत्र्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता एखादी थट्टा येणार.

"टोळ्या येस्तोवर तरी," म्हणालात. "वाट्या घेऊन येतील त्या. दारात कुणी पायजे."

एवढंच! माणसं अमर व्हायला निघालीत आणि तुम्ही पाडवा मागितलात. तोही मिळाला नाही. तुमच्यावर माझा एक राग आहे, तो आता सांगून टाकतो. दसऱ्याच्या आधीपासून तुमच्या पोटात दुखत होतं. दादाला सांगितलं नाहीत, मला सांगितलं नाहीत. "आदी टोळ्या जाऊ द्या, मंग बघू." सुमनला भाकरी बांधून द्यायची होती, तिच्या सासूला औषध आणून द्यायचं होतं. सगळ्यांचं होईपर्यंत तुमचं राहिलं. असं करतात का, वहिनी?

तेव्हापासून मी ते कुणीच न मेलेलं घर मनात बघत असतो. तुम्ही थट्टेत उभं केलंत, मी त्यात राहायला गेलो. पणजोबा दारात आहेत. म्हातारी खाटेवर आहे. तुम्ही स्वयंपाकघरात आहात, पदर डोक्यावर, पोटात काही दुखत नाही. मी सगळीकडे हिंडतो. आणि मग चुलीपुढे आई दिसते.

आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. तुम्हाला घरात येऊन वर्ष झालं होतं. तुम्ही स्वतःच अठरा वर्षांच्या. पण मी दीर, म्हणून मला भावजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. "भावजी, नाक पुसा." "भावजी, तुमी चड्डी उलटी घातली." शाळेतली पोरं माझ्यामागे ओरडायची, आले आले, भावजी आले! मी तुमच्याशी भांडलो, मला अरे म्हणा. तुम्ही म्हणालात, "रीत हाय. रीत मोडली तर म्हातारी मला मोडंल."

आई गेल्यावर मी जेवत नव्हतो. तुम्ही दहीभात कालवून माझ्यापुढे बसलात. बाकीचे मला समजावत होते. आई देवाकडे गेली, आई वरून बघते. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. म्हणालात, "मला बी त्येंची आटवन यायली. एक घास घ्या, भावजी. मंग दोगं बी रडू." मी घास घेतला. मग आपण दोघंही रडलो.

त्या घरात आई आहे, तर तो घास नाही. आई असती तर तुम्ही माझ्या वहिनीच राहिला असतात. चांगल्या वहिनी. थट्टा केली असतीत, सणाला वाढलं असतंत. पण तापात माझ्या उशाशी आई बसली असती. बीडला शिकायला निघालो, तेव्हा गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर आई उभी राहिली असती. मला आई हवी होती. ती गेली नसती तर बरं झालं असतं, हे मी आजही म्हणतो. मग तुमचं काय करू? दोन्ही कसं मागू? तुम्ही सांगा ना!

तुमची आणि आईची एक गोष्ट तुम्हीच मला ऐकवली होती, हसत हसत. तुम्ही युसूफ वडगावहून लग्न होऊन आलात तेव्हा माहेरचं विरजण घेऊन आलात. आईला ते आवडलं नाही. "आमच्या घरात काय दही लागत नव्हतं व्हय?" घरात दोन गाडगी झाली, एक आईचं, एक तुमचं. माणसं कधी यातलं वाढून घेत, कधी त्यातलं. मग त्या थंडीत एका सकाळी आईचं दही लागलं नाही. दूध नुसतं फाटून बसलं. संध्याकाळी आईनं हळूच तुमच्यासमोर वाटी धरली. आणि तुम्ही, नव्या नवरीनं, सासूला म्हणालात, "आत्याबाई, दिवे लागले. सकाळी या."

आईला हसू आवरेना झालं, म्हणालात.

म्हणजे आपल्या घरातलं जुनं दही त्या दिवशी संपलं. ते आईनं तिच्या सासूकडून घेतलेलं, सासूनं तिच्या सासूकडून. त्याचं सुतक कुणी धरलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे तुमचं दही खायला लागले, आणि नंतर तेच घरचं दही झालं. मी या दह्यावर वाढलो. पुढे आळीही त्यावरच वाढली.

मघाशी संजीवनी आत आली. पातेल्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"सगळं घालणार आहात?"

"हो."

"अर्धं ठेवा परत. नाही लागलं तर?"

तिचं बरोबर आहे. अर्धं परत ठेवलं तर निदान ते राहील. मी चमचा हातात धरून उभा राहिलो. इतके दिवस बर्फात राहिलेलं दही, त्यात किती जीव उरला असेल? थोडं घातलं तर लागणार नाही. सगळं घातलं तर मागे काही उरणार नाही. आणि अर्धं पुन्हा वाटाण्याच्या पिशवीमागं गेलं, तर मला माहीत आहे, मी ते कधीच बाहेर काढणार नाही. झाकण उघडून बघत राहीन. तिकडे सुमनची वाटी ओट्यावर तशीच राहील.

संजीवनीला म्हणालो, "वहिनींना विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "त्यांनी आधी तुम्हाला फटकावलं असतं. फ्रीजरमध्ये ठेवलं म्हणून."

आत्ता पुन्हा करंगळी बुडवली. चटका नाही. दहापर्यंत मोजलं, बोट तसंच राहिलं. तुम्ही इतकंच मोजत असाल असं धरून चालतो.

घातलं, वहिनी. सगळं घातलं. थोडं दूध डब्यात घेऊन डबा विसळला आणि तेही पातेल्यात ओतलं. चैत्राचा उकाडा आहे, गुंडाळायची काही गरज नाही. तरी टॉवेल गुंडाळला. आता हात लावायचा नाही, हलवायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही. हे तुम्ही मला लहानपणीच शिकवलं होतं, हातावर पळी मारून.

लागलं तर उद्या घेऊन येतो. नाही लागलं तर मोकळ्या हातानं येईन आणि सुमनला माझ्या तोंडानं सांगेन. पण लागलं, तर एवढा शब्द देतो. रोज लावीन, रोज संपवीन, लावण्यापुरतं ठेवीन. दादाला पळी धरायला शिकवीन. पुढच्या पाडव्याला टोळ्या येतील तेव्हा दारात कुणीतरी असेल. दादा असेल, मी असेन. दिवसाउजेडी असू.

तुमचे,
भावजी

ता. क. सकाळी पातेलं जरासं कलतं केलं. दही लागलं होतं. सैल होतं, कडेनं पाणी सुटलं होतं. संजीवनीनं चाखलं, म्हणाली, आंबट झालंय. चमचाभर तिच्यासाठी विरजणाला काढून ठेवलं आणि पहिल्या गाडीनं निघालो. घाटनांदूरला पोचलो तेव्हा सुमन तिच्या दारात धुणं धूत होती. ओले हात पुसत आली. ओट्यावरची वाटी दादानं उचलली आणि स्वतःच्या हातानं भरली. थोडं सांडलं.