मेल उघडेना

३ मार्च, मंगळवार

फोन आला! दत्तक संस्थेतल्या बाईंचा. हातात मेणाचा जबडा होता, कुणा आजोबांचा, खालचा. दाढा बसवत होते. बाई म्हणाल्या, "बसला आहात ना?" म्हटलं, दातांच्या लॅबमध्ये आम्ही दिवसभर बसलेलेच असतो, बोला. तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी एक मुलगी आहे. साडेतीन वर्षांची."

मुलगी. साडेतीन वर्षांची.

पुढचं अर्धंच ऐकू आलं. फोटो आणि सगळी माहिती मेलवर पाठवली आहे, बघा, दोघं मिळून ठरवा आणि शुक्रवारी कार्यालय बंद व्हायच्या आत त्याच मेलवरून कळवा. नाही कळवलं तर फाइल पुढच्या जोडप्याकडे जाते. मी "हो हो" करत राहिले. फोन ठेवला आणि बघते तर आजोबांच्या दोन दाढा उलट्या बसवलेल्या. साहेब म्हणाले, "घरी जा बाई, आज तू कामाची नाहीस."

मास्तरला रस्त्यातूनच कळवलं. (नवरा. गाडी चालवायला शिकवतो म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते, आणि आता मीही.) शिकाऊ मुलीला चौकातच उतरवून, तिची माफी मागून तो घरी पोचला, माझ्याही आधी. कम्प्युटर लावून खुर्ची ओढून बसला होता. आई, म्हणजे सासूबाई, दारात उभ्या.

मेल उघडेना.

पांढरं पान. मधोमध एक गोल फिरतोय. फिरतोय, फिरतोय. बाकी सगळं चालू आहे: बातम्या दिसतात, हवामान दिसतं, कुठल्याशा देशातल्या पुराचे फोटो झरझर येतात. आमच्या मुलीचा फोटो तेवढा येत नाही.

४ मार्च, बुधवार, सकाळी

अजून पांढरं. कामाला जाते. चहा तोंडाला लावलाच नाही हे आत्ता लक्षात आलं.

४ मार्च, संध्याकाळी

सगळं करून झालं. कम्प्युटर बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून परत लावली. मास्तरनं राउटर उचलून खिडकीत नेऊन ठेवला, जसं काही त्याला वारा हवाय. काही फरक नाही.

मग दुसरा ब्राउझर लावून बघितला. तिथं पान चटकन उघडलं, मी खुर्चीतून उठलेच! पण उघडलं ते दार. पासवर्ड मागतंय. हे खातं मास्तरनं फक्त मूल दत्तक घ्यायच्या अर्जासाठी काढलं होतं, घरच्या कम्प्युटरवर एकदा उघडलं ते कायम उघडंच राहिलं. पासवर्ड? "चांगला अवघड ठेवला होता," म्हणाला. इतका अवघड की आता त्यालाही येत नाही. सुरक्षित राहावा म्हणून कुठे साठवूनही ठेवला नाही. फोनवर उघडायला गेलं तरी तेच रडगाणं.

पासवर्ड विसरलात का? हो, विसरलो. मग कोड पाठवतो म्हणे. कुठं? मास्तरच्या जुन्या नंबरवर, जो त्यानं जुनी नोकरी सोडली तेव्हाच बंद झाला.

मास्तरनं त्या नंबरला फोन लावला. वाजला! कुणा बाईंनी उचलला. नंबर आता त्यांचा आहे. मास्तर त्याच्या शिकवणीच्या गोड आवाजात: "ताई, तुमच्या फोनवर आत्ता एक कोड येईल, तेवढा मला सांगाल का?" त्यावर त्या बाईंनी जी काही सरबत्ती केली! तुमच्यासारख्या चोरांना मी ओळखून आहे, लाज वाटत नाही का, घरी आईबाप आहेत की नाही. मास्तर म्हणाला, "आई आहे, इथंच उभी आहे," तर फोन आपटला. आई हसल्या. कालपासून पहिल्यांदा.

त्या बाईंचं काही चुकलं नाही. मीही हेच केलं असतं. पण आपण आपल्याच मुलीसाठी चोर ठरावं, म्हणजे कमाल आहे.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत संस्थेला फोन केला. दुसऱ्या मेलवर पाठवा ना, माझा लॅबचा पत्ता आहे. बाई भल्या आहेत, पण नाही म्हणाल्या. मुलीची माहिती नोंदवलेल्या पत्त्याखेरीज कुठं जात नाही, पत्ता बदलायचा तर नवा अर्ज, त्याला आठवडा सहज लागतो. फोनवरचा होकार धरत नाहीत. म्हटलं, निदान नाव तरी सांगा. "बघाल ना तुम्ही," म्हणाल्या. मला वाटतं त्यांनाही सांगायचं होतं.

दिवसभर लॅबमध्ये मेण तापवताना एकच डोक्यात. कशी असेल. बोलते का भरपूर? मला काय हाक मारेल? साडेतीन म्हणजे दुधाचे सगळे दात आलेले असणार. सगळे वीस.

घरी आले तर आई भाजी निवडत बसलेल्या. म्हटलं, आई, मधल्या खोलीतलं कपाट हलवायला हवं, तिथं पलंग बसेल. म्हणाल्या, "आधी मेल उघडू दे गं. मग कपाटं हलवा."

त्यांचं कळतं मला. मागच्या वर्षी असाच फोन आला होता, एका मुलाबद्दल. आईंनी साऱ्या इमारतीला सांगून टाकलं. मग त्याचे मामा पुढे आले, त्याला घेऊन गेले. मुलाचं चांगलंच झालं. पण आई नंतर कितीतरी दिवस पुढच्या जिन्यानं न जाता मागच्या जिन्यानं जायच्या, कुणी विचारायला नको म्हणून. आता त्या मनाला कुलूप लावून बसल्यात. भाजी मात्र निवडता निवडता सगळी कोवळी पानं देठांत टाकली होती आणि देठ पातेल्यात.

मास्तर मेल कंपनीचं मदतीचं पान वाचत होता. पहिलाच उपाय: कुकीज पुसा. "सोपं आहे," म्हणाला, आणि यादी उघडून बसलासुद्धा. तेवढ्यात नणंदेचा फोन. ती दुसऱ्या गावी एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांचे कम्प्युटर सांभाळते. तिला दोन दिवस गाठत होतो, आज सापडली. मी सांगितलं, दादा कुकीज पुसतोय.

"थांबव त्याला! वहिनी, माऊस काढून घे त्याच्या हातातून."

घेतला. अक्षरशः हिसकावून घेतला.

मग तिनं नीट सांगितलं. कुकीज म्हणजे त्या कम्प्युटरनं ठेवलेली तुमची ओळख. त्या आहेत म्हणून तो तुम्हाला घरचे समजतो. पुसल्या की तुम्ही त्याच्या लेखी परके, पासवर्ड दाखवा म्हणेल, आणि तो तुमच्याकडे नाही. म्हणजे कायमचे बाहेर.

मास्तरचा चेहरा पांढराफटक. एक बटण दाबायचं राहिलं होतं.

"उद्या सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी आपण बसू," म्हणाली. "तोवर कुणी कशाला हात लावू नका. दादा, विशेषतः तू."

६ मार्च, शुक्रवार

भराभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही लागलं.

सकाळी फोन स्पीकरवर ठेवून बसलो. नणंद म्हणाली, आधी खाजगी खिडकी उघडा. ब्राउझरमध्येच असते, तिथं काही जोडलेलं नसतं, कोरी करकरीत. उघडली. मेलचं दार लगेच आलं, पासवर्ड मागत. मी म्हटलं, हे तर परवाचंच. ती म्हणाली, "अगं, हेच तर हवं होतं! त्याच ब्राउझरमध्ये पान येतंय. म्हणजे मेल ठीक, इंटरनेट ठीक, ब्राउझर ठीक. तुम्ही वरून काहीतरी चिकटवलंय ते आड येतंय. दादा, काय काय जोडलंयस?"

मास्तर डोकं खाजवायला लागला. म्हणजे भरपूर. एक भाषांतर करणारं, एक स्क्रीन पिवळी करणारं, एक वाहतुकीच्या बातम्यांचं, एक जाहिराती अडवणारं. "पुसायचं नाही, नुसतं बंद करायचं. एकेक. दर वेळी पान ताजं करून बघायचं."

भाषांतरवालं बंद. पांढरं. पिवळं बंद. पांढरं. वाहतूक बंद. पांढरं. आई माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या, मला त्यांचा श्वास मानेवर लागत होता. जाहिराती अडवणारं बंद केलं. मास्तरनं पान ताजं करायचं बटण दाबलं. गोल फिरला. थोडा फिरला—

आणि मेल उघडलं. सगळं. वरचीच ओळ संस्थेची.

म्हणजे ते जाहिरातींसोबत मेललाही अडवत बसलं होतं. नणंद म्हणाली, मध्यंतरी ते आपोआप बदललं असणार. पलीकडून "दिसलं का? कुणीतरी बोला ना!" असं ओरडत होती, आणि इथं आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलेलो.

फोटो उघडला.

एका पायरीवर बसली आहे. निळा फ्रॉक, एक मोजा वर, एक घसरलेला. फोटो काढणाऱ्याकडे बघतच नाही, बाजूला कुठंतरी बघून हसते आहे. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलाय. पडली असणार कुठंतरी. मी दिवसभर दातच बघते, पण असा दात नाही बघितला कधी. माहितीत लिहिलंय: मोठ्या आवाजाला घाबरते. पाण्यात खेळायला आवडतं. झोपताना कुणाचा तरी अंगठा धरून ठेवते.

मास्तर उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आईंनी चष्मा लावला. वाकून वाकून बघितलं. मी वाट बघत होते काय म्हणतात. म्हणाल्या, "हिचे केस कुणी कापलेत? एका बाजूला वर, एका बाजूला खाली." मग पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली. "नीट कापायला हवेत."

उत्तर लिहिलं. मी लांबलचक लिहायला घेतलं होतं, मास्तर म्हणाला, होकार आधी, निबंध नंतर. "आम्हाला ती हवी आहे." दोघांची नावं. पाठवलं. गेलं. दुपारच्या आत पोच आली, "मिळालं, खूप आनंद झाला."

लॅबला उशिरा पोचले. साहेबांनी तोंड बघून काही विचारलं नाही. शेजारच्या टेबलावरचीला मात्र मीच सांगितलं, मग तिच्या शेजारचीला.

७ मार्च, शनिवार

कपाट हललं. आईंनीच सांगितलं, हलवा.

१० मार्च, मंगळवार

शनिवारी भेटायला बोलावलंय! पहिल्यांदा फक्त तासभर, खेळायच्या खोलीत. बाई म्हणाल्या, लगेच उचलून घ्यायला जाऊ नका, तिला येऊ द्या. मास्तर म्हणतो, मी तर शिकाऊ लोकांना सुद्धा पहिल्या दिवशी नुसती गाडी दाखवतो. पण स्वतः कालपासून आरशासमोर हळू आवाजात बोलायचा सराव करतोय. त्याचा आवाज भरदार, ती घाबरेल म्हणून. आज आईंना दोनदा "काय? मोठ्यानं बोल रे" म्हणावं लागलं.

१३ मार्च, शुक्रवार

बाईंचा फोन. माझे हात कणकेत, म्हणून आईंनी उचलला. तिला एक भाऊ आहे. अकरा महिन्यांचा. जन्मल्यापासून रुग्णालयात होता, आता बरा आहे, त्याचे कागद आज आले. तुम्ही विचार करून सांगा, तुमच्यावर काही बंधन नाही, असं बाई सांगत होत्या. आईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "दोघांनाही आणणार," म्हणाल्या. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "चालेल ना गं?"