रोग बनवणारी पोर

प्रिय माय,

तू फोनवर माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. धाकट्या सुभद्राकडून वाचून घे.

दिवाळीत भातकुलीला आले, तेव्हा तू मला अंगणातच आंघोळ करायला लावलीस, ताटही वेगळं वाढलंस. शेजारच्या पार्वताबाईंसमोर म्हणालीस, "तूच रोग बनवून राहिली, अन् तूच सुया टोचून राहिली. सोड ते काम." मी त्याच ताटात जेवून निघाले. उत्तर आज देते. सोडणार नाही.

पुण्यात मी काय करते, ते तुला कुणी नीट सांगितलंच नाही. फ्लूचा नवा विषाणू आला की त्याच्या वरच्या कवचाची जनुकं आम्ही एका जुन्या, मवाळ विषाणूत बसवतो. तो कोंबडीच्या अंड्यात भराभर वाढतो. मग त्याला मारून त्याची लस करतात. त्या मेलेल्या विषाणूचं कवच पाहून शरीर खऱ्या रोगाला ओळखायला शिकतं. हो, विषाणूत फेरफार करते मी. गावाला त्याची भीती वाटते, तर वाटू दे. आम्हालाही वाटते, म्हणूनच बंद दारांआड, अंगभर झाकून काम करतो.

आपली मैना फ्लूच्या साथीत गेली तेव्हा मी अकोल्याला शिकत होते, माय. या नोकरीला नंतर लागले. तरी लोक म्हणतात, हिनंच बहिणीला रोग दिला, आणि तू त्यांना अडवत नाहीस. अमरावतीच्या दवाखान्यात तिला श्वास पुरत नव्हता, पोटात लेकरू होतं, आणि डॉक्टर म्हणाले, याची लस अजून तयार व्हायची आहे. त्या दिवशी मी हे काम निवडलं.

आता सुभद्रा बाळंतपणाला तुझ्याकडे आली आहे आणि साथ पुन्हा आली आहे. डॉक्टरांनी तिला लस घ्यायला सांगितलं, तिलाही घ्यायची आहे, तू नाही म्हणालीस. तिनं रडत मला फोन केला. वाचता वाचता ती इथं अडखळेल, तिला रागावू नकोस. रविवारी मी येते आहे, सोमवारी तिला अमरावतीला नेणार. तुझी परवानगी मागत नाही. दारात आडवी उभी राहिलीस तरी नेईन. पण तूही आमच्याबरोबर एस.टी.त बस. सुई टोचताना ती लहानपणापासून घाबरते, आणि तिला धरून बसणं तुलाच जमतं.

तुझीच, ऐकत नसलेली,
आकांक्षा